कापलेल्या ओळी

एका जपानी दिग्दर्शकाचे चित्रपट आम्ही तारखेच्या क्रमाने पाहिले, याचे कारण माझी नोकरी. जळगावच्या एका दैनिकात मी उपसंपादक होते. काय आधी घडले आणि काय नंतर, हे पक्के झाल्याशिवाय बातमी पानावर लावता येत नाही. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, सवय राहिली. भाचीने पुण्याहून त्याच्या चित्रपटांच्या डिस्कने भरलेला पुठ्ठ्याचा खोका आणला, तेव्हा कुठला चित्रपट चांगला हे विचारण्याआधी मी कुठला पहिला हे विचारले.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ धुळ्याला असतात. घरात आणि गल्लीत सगळेच त्यांना नाना म्हणतात, त्यांची मुलगीसुद्धा. नाना एसटीत कंट्रोलर होते. धुळ्याच्या बसस्थानकावर ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारण्याचे काम त्यांनी बरीच वर्षे केले. सोनगीर, शिरपूर, साक्री, पिंपळनेर ही नावे त्यांच्या आवाजात ऐकलेली माणसे अजूनही बाजारात भेटतात. निवृत्तीच्या सुमारास त्यांचे ऐकणे कमी झाले आणि पुढे जवळजवळ गेलेच. कानाचे यंत्र घेतले, पण त्यातून शब्द येत नाहीत, नुसता गोंगाट येतो, असे ते म्हणत. यंत्र टीव्हीखालच्या खणात पडून राहिले. बोलणे मात्र शाबूत होते. उलट आवाज वाढला, कारण स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत नव्हता.

ऐकू न येणारा माणूस घरातून एकदम वजा होत नाही. आधी तो लग्नांना जाणे सोडतो, मग पारावर बसणे सोडतो, मग पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. नाना पांझरेच्या काठाने एकटे फिरायला जात आणि परत येऊन वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मी दर रविवारी जळगावहून जात असे. आम्ही शेजारी शेजारी बसत असू.

त्या सुमारास भाचीचे लग्न ठरू घातले होते. मुलगा तिच्याच कार्यालयातला, घर सोनगीरचे. दोन्ही घरांना पसंत होते. राहिली होती ती बोलणी. आमच्याकडे मुलाकडचे लोक मुलीच्या घरी येतात, समोरच्या खोलीत वडीलधारे बसतात आणि तारीख, ठिकाण, कोणी काय करायचे ते ठरते. मुलीच्या बापाने तिथे बसायचे आणि बोलायचे असते. नानांनी सांगून टाकले की त्यांच्याऐवजी चुलतभाऊ बसतील. समोरचे काय म्हणतात ते समजणार नाही, मग तिथे दगडासारखे कशाला बसायचे? भाचीने तितक्याच शांतपणे सांगितले की नाना बसणार नसतील तर बोलणी होणार नाहीत. बाप आणि लेक, दोघेही हटेनात. सोनगीरकर वाट पाहत होते. वहिनी मला फोन करून म्हणत, "तुमच्याच घराण्याचा हट्ट आहे, तुम्हीच बघा."

खोका त्यासाठी आणलेला नव्हता. पुण्यातला एक फिल्म क्लब बंद पडला आणि त्यांनी डिस्क वाटून टाकल्या, एवढेच. भाची म्हणाली, "आत्या, तू येतेसच. नानांबरोबर काहीतरी बघ. नुसतं बसून काय करता?"

पहिली अडचण भाषेची होती. चित्रपट जपानी, खालच्या ओळी इंग्रजी. नानांना इंग्रजी वाचता येते, पण पाटी वाचावी तसे, थांबून. तेव्हा कळले की उपशीर्षकांची फाइल ही साधी मजकुराची फाइल असते. वर वेळ, खाली ओळ. इंग्रजी ओळ काढून तिथे मराठी ओळ घातली की काम झाले. आयुष्यभर मी वृत्तसंस्थेची दुसऱ्या भाषेतली तार घेऊन मराठी बातमी करत आले होते. आठवडाभर जळगावात ओळी लिहायच्या आणि रविवारी लॅपटॉप घेऊन धुळ्याची एसटी धरायची आणि तो नानांच्या टीव्हीला जोडायचा, असा क्रम बसला.

सुरुवातीचे चित्रपट मूक होते. त्यांत मधून मधून संवादांच्या पाट्या येतात, बाकी सगळे चेहरे आणि हातवारे. काही डिस्कवर मागाहून पियानो घातलेला होता. वहिनींनी तो बंद करायला लावला. त्या म्हणाल्या, यांना नाही तर आपल्याला तरी कशाला? तेव्हा उन्हाळा होता. पडदे ओढलेले, कूलर जोरात. त्या खोलीत नानांना जेवढे समजत होते तेवढेच आम्हालाही समजत होते, आणि हे किती वर्षांनी घडत होते ते मला सांगता येणार नाही. नाना हसले की आम्ही हसत होतो, कारण ते अनेकदा आमच्या आधी हसत. वर्षानुवर्षे माणसांचे ओठ आणि खांदे पाहून अंदाज बांधायची त्यांना सवय होती. कोण खोटे बोलतो आहे, हे पाटी येण्याआधी ते सांगून टाकत.

या दिग्दर्शकाचे सुरुवातीचे बरेच चित्रपट हरवले आहेत. जगात कुठेच त्यांची प्रत नाही. यादीत त्यांची नावे तेवढी आहेत. भाचीचे म्हणणे होते की ते सोडून पुढे जावे. मला ते पटेना. क्रम म्हणजे क्रम. हरवलेल्या चित्रपटाची पाळी आली की त्याची जी काही गोष्ट कुठे नोंदलेली सापडे, ती मी मराठीत लिहून पडद्यावर लावत असे. नाना ती वाचत आणि खुर्चीत ताठ बसून बसस्थानकाच्या आवाजात पुकारत, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. ही फेरी रद्द करण्यात आली आहे." मग चहा होई. रद्द फेऱ्यांच्या दिवशी वहिनी केळीचे वेफर्स तळत आणि म्हणत की वेफर्स खाताना ज्यांना कोणाच्या आवाजाचा त्रास होत नाही आणि ज्यांच्या आवाजाचा सगळ्यांना होतो, असे या घरात एकच आहेत.

इतरांनी बोलपट सुरू केल्यावरही हा दिग्दर्शक काही वर्षे मूकपटच करत राहिला. हे मी नानांना लिहून दाखवले, तेव्हा त्यांना त्याच्याबद्दल आपलेपणा वाटू लागला असावा. शेवटचा मूकपट संपला त्या दिवशी ते बराच वेळ काळ्या पडद्याकडे पाहत होते. "आते हाऊ बी बोलाले लागी," ते म्हणाले. आता हाही बोलायला लागेल. आम्ही घरात बरेचसे अहिराणीत बोलतो आणि बाहेर प्रमाण मराठीत. नाना बाहेरचे बोलणे बंद झाल्यापासून सगळेच अहिराणीत बोलत.

बोलपटांच्या ओळी करताना माझ्या हातून चूक झाली. ती उपसंपादकानेच करावी अशी होती.

या दिग्दर्शकाची माणसे फार साधे बोलतात. आज हवा छान आहे. हो, छान आहे. असं का? हो, असंच. बरं, येतो. येता? हो, येतो. बातमीच्या टेबलावर तीस ओळींच्या मजकुराच्या बारा करणारी व्यक्ती अशा ओळींकडे ज्या नजरेने पाहते, त्याच नजरेने मी पाहिले. पुनरुक्ती काढली. स्वागत, निरोप, हवामान, चहा काढला. कथानकाला लागेल ते ठेवले. काम नेटके झाले, असे मला वाटले. वाचायला कमी, समजायला सोपे.

पहिला बोलपट नानांनी मुकाट्याने पाहिला. दुसऱ्यात ते अस्वस्थ झाले. पडद्यावर दोन माणसे बसून बोलत होती. ओठ हलत होते, खाली ओळ नव्हती. नानांनी माझ्याकडे पाहून हाताने विचारले, काय? मी हात हलवला. काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा ओठ हलले, पुन्हा त्यांनी विचारले, पुन्हा मी तसाच हात हलवला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. उठून आतल्या खोलीत गेले.

मी मागे गेले. ते पलंगावर बसले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घरमा बी हाईच व्हस. बठ्ठा बोलतस, हासतस, अन मी इचारं की म्हणतस, काही नही. माले एक ओळ भेटस."

घरातले सगळे बोलतात, हसतात, आणि त्यांच्या वाट्याला एक ओळ येते. मी बाहेर येऊन लॅपटॉप बंद केला. वहिनी दारात उभ्या होत्या. नंतर त्यांनी सांगितले की त्या हात हलवण्यात त्यांना स्वतःचा हात दिसला होता.

जळगावला परत आल्यावर मी सगळ्या फाइली पुन्हा उघडल्या. कापलेली प्रत्येक ओळ परत घातली. असं का, हो, बरं, छान आहे, येतो. दरवाजाबाहेरून कोणी हाक मारली तर तीही. सुरुवातीला हे काम मला जड गेले. लांबलेला मजकूर पाहिला की बोट आपोआप खोडण्याच्या कळीकडे जाई. पण ओळी भरत गेले तसे एक लक्षात आले. ही माणसे जे महत्त्वाचे आहे ते बोलतच नाहीत. ती हवेबद्दल बोलतात आणि त्या वेळात जे व्हायचे ते होऊन जाते. मी कथानक ठेवून चित्रपट काढून टाकला होता.

पुढच्या रविवारी नाना टीव्हीसमोर यायला तयार नव्हते. वहिनींनी त्यांना दंडाला धरून आणून बसवले. तोच चित्रपट मी पहिल्यापासून लावला. ओळी येऊ लागल्या, एकामागून एक, निरर्थक वाटाव्यात अशा. दोन म्हातारे तिसऱ्यांदा एकमेकांना हवा छान असल्याचे सांगू लागले, तेव्हा नानांना हसू फुटले. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. "हाईच बोली राहिंतात का तवय?" त्यांनी विचारले. मी मान डोलावली. हेच बोलत होते.

त्यानंतर आमचे रविवार पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत चित्रपटांची यादी विरळ झाली, मग पुन्हा भरली. त्या काळात दिग्दर्शकाचा कॅमेरा खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेपर्यंत उतरून स्थिर झाला होता. नानांनी खुर्ची सोडली आणि ते गादीवर बसून पाहू लागले. चित्रपट क्रमाने पाहण्याचा फायदा या टप्प्यावर कळला. एकच नट पुन्हा पुन्हा बाप होऊन येत होता आणि दर खेपेस थोडा म्हातारा होत होता. घर साधारण तेच. प्रश्नही साधारण तोच, मुलीचे लग्न. असे तीन-चार चित्रपट झाल्यावर वहिनींनी भाजी निवडता निवडता पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "या माणसाला पोरी तरी किती? दर रविवारी एक उजवतो." मग नानांना दिसेल असे बोट दाखवून म्हणाल्या, "अन यास्नी एकच शे, तीबी नही."

मी ते लॅपटॉपवर लिहून नानांना दाखवले. ही सवय तेव्हा लागली होती. खोलीत कोणी काही बोलले की मी ते चित्रपटाच्या ओळींसारखेच टंकून टीव्हीवर लावत असे. वहिनींच्या टोमण्यांसाठी प्रामुख्याने.

बोलण्यांना बसण्याचा नानांचा निर्णय झाला तो एका साध्या प्रसंगामुळे. पडद्यावर मुलीच्या लग्नाबद्दल दोन घरची माणसे बसली होती. सगळे बोलत होते. बाप मध्ये बसला होता आणि त्याच्या वाट्याला खाली एकच ओळ येत होती. हं. थोड्या वेळाने पुन्हा, हं. नानांनी मला चित्रपट थांबवायला सांगितला. मागे घ्यायला सांगितला. पुन्हा पाहिला.

"हाऊ तं काहीच बोलस नही," ते म्हणाले. "नुसता हं म्हणस. इतलं तं मी बी म्हणी सकस."

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी माझ्याकडे वळून सगळे लिहिण्याची अट घातली. "पण बठ्ठं लिख. चहानं बी."

त्या ‘हं’ मी पहिल्यांदा सरळ कापल्या असत्या. त्या ठेवाव्या लागल्या, याबद्दल मी तेव्हा मनात जे मानले त्याला आभार हाच शब्द आहे. तो दिग्दर्शक जाऊन अनेक दशके झाली आहेत. त्याला धुळे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण माणसांचे फुटकळ बोलणे कापण्यासारखे नसते, असे त्याने आयुष्यभर मानले आणि त्याचा लाभ आमच्या घराला झाला. नानांचेही मी आभार मानते, कारण ते त्या दिवशी उठून गेले. विचारत राहिले असते तर मी हात हलवत राहिले असते.

शेवटचा एक चित्रपट नानांनी राखून ठेवला. तो पोरगी सासरी गेल्यावर पाहायचा, असे त्यांनी ठरवले.

भाचीने बोलण्यांसाठी फोनवरचे एक साधन आणून पाहिले. आपण बोलू ते मराठीत लिहून दाखवते. प्रमाण मराठी त्याला बरी जमली. पण सोनगीरची मंडळी घरात अहिराणीच बोलणार होती आणि अहिराणीपुढे त्याने हात टेकले. तेव्हा लॅपटॉप घेऊन मीच बसणार, हे ठरले.

दिवाळीनंतर मुलाकडचे आले. मुलगा, त्याचे आई-वडील आणि मामा. नाना खोलीच्या मध्यभागी, टीव्हीसमोरच्या खुर्चीत. मी त्यांच्या बाजूला. कोणी बोलले की ओळ पडद्यावर येत होती. या, बसा. रस्त्याला त्रास नाही ना झाला? नाही, हायवे मोकळा होता. पाणी घ्या. पाहुण्यांना सुरुवातीला अवघड गेले. आपलेच बोलणे समोर छापून येताना पाहून मुलाची आई बोलायचीच थांबली. मुलाचे वडील टीव्हीकडे तोंड करून बोलू लागले. वहिनी म्हणाल्या, "टीव्हीकडे नही भाऊ, यास्नाकडे देखा." सगळे हसले. तेही मी लिहिले. हळूहळू माणसे पडद्याला विसरली.

तारखेचा विषय निघाला. पाहुण्यांमध्ये आपसांत थोडी चर्चा झाली. तेवढ्यात मामा मुलाच्या वडिलांकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "यास्ले काय ऐकू येस? कशाले इचारानं? आपणच ठराई टाकू."

माझी बोटे थांबली. असे वाक्य कुठल्याही वर्तमानपत्रात छापले जात नाही. ते कापायचेच असते, आणि कापल्याबद्दल उपसंपादकाला कोणी दोष देत नाही. भाची आतल्या दारात उभी होती. तिने ते ऐकले होते. ती माझ्या हातांकडे पाहत होती. नानाही पाहत होते. त्यांना मामांचे ओठ दिसले होते आणि पडदा रिकामा होता.

मी ओळ पूर्ण लिहिली. मामांच्या नावानिशी.

नानांनी ती सावकाश वाचली. मग बसस्थानकाच्या आवाजात म्हणाले, "मामासाहेब, ऐकू येत नही. वाचता येस. इचारा."

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनी दारातच म्हणाल्या, "आते गल्लीमा बी समजनं." मामा आधी लाल झाले, मग हसले, आणि सगळ्यांत आधी त्यांनीच विचारले, नाना, तुम्हाला कुठला महिना सोयीचा? नानांनी उत्तर दिले. त्यावर मुलाच्या आईने अडचण सांगितली. नानांनी ती वाचली आणि म्हणाले, "हं." भाची तोंडावर हात धरून आत निघून गेली.

चहा झाला. चहात साखर बरोबर आहे का, हे विचारले गेले आणि बरोबर असल्याचे सांगितले गेले. मी लिहिले. मग मुलाच्या वडिलांनी आपली खुर्ची उचलून नानांच्या समोर आणली, टीव्हीकडे पाठ करून. बोलण्यासारखे त्यांच्याकडे काही विशेष नसावे. ते खुर्चीत टेकले. मग नानांकडे पाहत म्हणाले, "यंदा थंडी लवकर पडनी."

मी ते पडद्यावर लावले. नानांनी वाचले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना हवेबद्दल कोणी सांगितले नव्हते. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग समोर.

"हा, पडनी," ते म्हणाले. "सोनगीरले जास्त व्हई. किल्लाकडून वारा येस ना."

"येस ना," मुलाचे वडील म्हणाले. "रातले तं लई येस."

"तिकडे पहिलेपासूनच."

"पहिलेपासून."

महिना ठरला होता, तारीख अजून ठरायची होती. तिची घाई कोणालाच दिसली नाही. मी एकेक ओळ लिहीत राहिले.